टर्बोचं एक मिनिट

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे हे मला कुणी सांगायला नको. चालवणाऱ्याच्या बाजूचा दरवाजा एका रंगाचा, बाकी अंग दुसऱ्या रंगाचं, आणि बोनेटवर तीन खोल खड्डे. हे खड्डे लोखंडी गजाचे आहेत. ते कसे पडले तेच मी आज सांगणार आहे. मी टर्बो डिझेल गाडी. स्वभाव तापट, बोलणं फटकळ, आणि सकाळी खोकल्याशिवाय मला उठता येत नाही. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्मच मारामारीत झाला. कारखान्यात घराएवढं यंत्र पत्र्यावर आदळलं आणि माझं छप्पर तयार झालं. मग लोखंडी हातांनी जागोजागी डाग देऊन माझं अंग जोडलं. पेट्रोलवाल्या बहिणींना पेटायला ठिणगी तरी लागते. माझ्या पोटात हवा नुसती दाबून दाबून इतकी तापवतात की डिझेलचा फवारा पडताच स्फोट होतो. मिनिटाला हजारो स्फोट पोटात घेऊन मी तुम्हाला बाजारात सोडते, आणि तुम्ही म्हणता गाडी जरा आवाज करते.

टर्बो म्हणजे माझ्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. मुठीत मावेल एवढासा, पण मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तापून निखारा होतो. त्याला जगायला दोनच गोष्टी लागतात, स्वच्छ तेल आणि थांबण्याआधी एक मिनिट. लांबून आलात की लगेच किल्ली फिरवायची नाही. इंजिन एक मिनिट हळू चालू द्यायचं, तेल खेळू द्यायचं, निखारा निवू द्यायचा, मग बंद करायचं. एवढंच माझं मागणं आहे.

माझा पहिला मालक ठेकेदार होता. त्याने मला ते मिनिट कधी दिलं नाही. चढ चढून आला की तशीच किल्ली ओढायचा आणि माझं तेल आतल्या आत करपायचं. मी सुरू झाले नाही की टायरला लाथ, ड्रायव्हरला थप्पड. एकदा पोचायला उशीर झाला म्हणून त्याने ड्रायव्हरची मान धरली आणि त्याचं डोकं माझ्या दारावर आपटलं. पत्रा आत गेला आणि काचेवरून रक्त ओघळलं. ड्रायव्हरने स्वतःच फडकं घेऊन ते पुसलं. मला विकताना तो दरवाजा बदलला, म्हणून माझा रंग असा विजोड. माणूस मात्र पत्र्यासारखा बदलून मिळत नाही, हे त्या ठेकेदाराला कधी कळलं नाही.

दुसऱ्या घरी मी एका नर्सच्या हाती आले. सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. तिचं हॉस्पिटल घरापासून पस्तीस किलोमीटरवर होतं. मित्रांनो, गाडी कशी ठेवावी हे तिच्याकडून शिकावं. सकाळी किल्ली अर्धी फिरवून ती पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायची, म्हणजे माझं पोट गरम व्हायचं. महिन्यातून एकदा डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढायची. ठेकेदाराच्या कृपेने माझा टर्बो तेल गळत होता, म्हणून रोज निघण्याआधी अर्धा कप तेल घालायची. ते माप तिला पाठ झालं होतं, इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बघायचीही गरज पडत नसे. हे सगळं तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. ते पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर होते, आता निवृत्त.

घरी आल्यावर ती मला माझं मिनिट द्यायची. पण खरं सांगू? ते मिनिट तिलाही हवं असायचं. हात मांडीवर ठेवून ती दाराकडे बघत बसायची. आत नवरा असायचा, आणि त्याचा हात सुटायचा. कधी जेवणावरून, कधी फोनवरून, कधी कशावरूनच नाही. दिवसभरात मारापासून लांबचं ते शेवटचं मिनिट होतं.

एका संध्याकाळी तो बाहेर आला. "इथे बसून डिझेल जाळतेस?" म्हणाला. दार उघडून त्याने तिचे केस धरले आणि तिचं तोंड माझ्या स्टिअरिंगवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी माझा हॉर्न वाजला. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला ना तळपाय ना मस्तक. मी नुसती सुरू होते आणि बंद होते.

ती फुटलेले ओठ घेऊन माहेरी गेली. फिटरबाबांनी तिला चहा दिला, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भांड्याला भांडं लागतंच, पोरी. जा घरी." अहो, पंपाचा आवाज ऐकून आतलं बेअरिंग कुठे घासतंय ते सांगणारा माणूस, आणि त्याला पोटच्या पोरीचा चेहरा वाचता आला नाही. ती परत गेली. महिन्याभराने पुन्हा आली ती मोडलेला डावा हात पोटाशी धरून, एका हाताने मला चालवत. गिअर बदलता येत नव्हता, म्हणून सगळा रस्ता तिसऱ्यावर. दारात उभं राहून म्हणाली, "मी इथे राहायला आलेय, बाबा. तुमच्याशी बोलायला नाही."

आणि खरंच बोलली नाही. एका घरात दोन माणसं, मीठ हवं असलं तरी उठून स्वतः घ्यायची. तिचा हात प्लास्टरमध्ये असताना बाबा मला मेस्त्रीकडे घेऊन गेले. मेस्त्रीने टर्बो खोलून गळती कायमची थांबवली. "आता ही थेंबभर तेल खायची नाही," तो म्हणाला. "ताईंना सांगा, रोज वरून घालायचं बंद." बाबांनी मान हलवली. पण सांगणार कुठल्या तोंडाने? एक चिठ्ठी लिहून स्टिअरिंगवर ठेवली असती तरी चाललं असतं. चार ओळी लिहिल्या आणि फाडल्या, कारण तेलाच्या आधी दुसरंच काही लिहावं लागणार होतं.

हात बरा होऊन सिस्टर कामावर जाऊ लागली आणि रोज सकाळी अर्धा कप तेल घालू लागली. बिचारीला काय ठाऊक. संध्याकाळी ती आत गेली की बाबा गुपचूप बाहेर येऊन पट्टी बघायचे. आता पट्टी बघायची तर इंजिन थांबल्यावर दहा मिनिटं धीर धरावा लागतो, वर चढलेलं तेल खाली उतरू द्यावं लागतं. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण ती कपडे बदलून बाहेर यायच्या आत उरकायची त्यांना घाई. गरम इंजिनात पट्टी घालायची, तेल खुणेखाली दिसायचं. मग मेस्त्रीला दोन शिव्या आणि मला आणखी थोडं तेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी एकाच घरची, आणि मला दोन्हीकडून वाढत होते. दोघांनी माया केली, पण एकमेकांना विचारलं नाही. माझं पोट तुडुंब भरलं होतं आणि मला ओरडता येत नव्हतं.

असे दोन आठवडे गेले आणि ती सकाळ आली. मी नेहमीसारखी अंगणात भिंतीला चिकटून उभी होते, सिस्टर कामावर निघायला स्टिअरिंगमागे बसली होती. तिचा नवरा फाटकातून आला. हातात गज. "उतर खाली," म्हणाला. तिने दार आतून लावलं. त्याने पहिला घाव बोनेटवर घातला. दुसरा, तिसरा. चौथ्याला माझा दिवा फुटला. मग समोरची काच तडकली आणि तिच्या मांडीवर चुरा पडला. दारावर असे तीन घाव बसले की ते चौकटीत वाकून घट्ट बसलं. तिने मला सुरू केलं आणि घाबरवायला म्हणून पाय दाबून धरला. तिथेच घात झाला.

पोटातलं जास्तीचं तेल उसळलं, हवेच्या नळीतून थेट आगीत गेलं. आता मला डिझेलची गरज उरली नाही. मी माझंच तेल पिऊन पेटले. आवाज चढत गेला, चढतच गेला. मागून पांढऱ्या धुराचे लोट निघाले. सिस्टरने पाय काढला, किल्ली फिरवली, उपसून हातात घेतली. मी थांबले नाही. असं इंजिन मिनिटभरात फुटतं, मित्रांनो, आणि फुटलं की लोखंडाचे तुकडे समोर काय आहे ते बघत नाहीत. सिस्टर दार ढकलत होती. मला दारं दोनच, एक वाकलेलं, दुसरं भिंतीला टेकलेलं.

नवऱ्याची पाचावर धारण बसली. गज टाकून मागे सरताना तो अडखळला आणि माझ्या पुढच्या चाकांसमोर उताणा पडला. सिस्टरला एक उपाय ठाऊक होता. वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच एकदम सोडला की इंजिन गुदमरून मरतं. पण ब्रेक सुटला तर मी त्याच्या अंगावरून जाणार. तिने गिअरवर हात ठेवला आणि समोर पाहिलं. मी खोटं कशाला बोलू? मी म्हणत होते, सोड क्लच, होऊन जाऊ दे. त्या ड्रायव्हरचं डोकं, तुझे ओठ, तुझा हात, सगळं एकदम फिटू दे. तिने हात काढून घेतला.

तेवढ्यात बाबा धावत आले. हातात जाड फळी, जिच्यावर ते नट-बोल्टचे पाने मांडायचे ती. ते जावयाच्या डोक्याशी उभे राहिले आणि फळी दोन्ही हातांनी वर उचलली. त्यांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. मग माझा आवाज त्यांच्या कानात शिरला. अख्खं आयुष्य यंत्रांचे आवाज ऐकलेला माणूस तो. त्यांनी जावयाकडे पाहिलं, काचेमागच्या लेकीकडे पाहिलं, आणि ओरडले, "बोनेट सोड!"

तिने आतली दांडी ओढली. बाबांनी बोनेट उचललं, हवेची तापलेली नळी उघड्या हातांनी उपटली आणि ती फळी भोकावर दाबली. मी श्वास ओढला, पण हवाच नव्हती. मी फळी अशी खेचली की त्यांची दोन बोटं मधे चेंगरली. त्यांनी हात काढला नाही. मी थरथरले, धडपडले आणि मेले.

शांतता झाली तेव्हा जावई फाटकाबाहेर पळत होता. पोलिसांनी त्याला दुपारी घरून उचललं, पण ते नंतरचं. बाबांनी सिस्टरला फुटक्या काचेतून बाहेर काढलं. तिने नर्सच्या सवयीने आधी त्यांची बोटं बांधली. मग बाबांनी इंजिनातली तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं.

"तू तेल घालत होतीस?"

"रोज सकाळी. तुम्ही?"

"रोज संध्याकाळी." त्यांनी पट्टी फडक्याला पुसली. "मेस्त्रीने सांगितलं होतं, तुला सांगा म्हणून. मला तोंड नव्हतं."

तीन महिन्यांतलं ते त्यांचं पहिलं बोलणं. त्यात माया नव्हती, फक्त तेल होतं. पण गाडी असो की घर, कुठूनतरी एक बोल्ट सुटावा लागतो.

मेस्त्रीने मला पुन्हा उभं केलं. बोनेटचे खड्डे मात्र सिस्टरने काढू दिले नाहीत. मी अजून रोज सत्तर किलोमीटर जाते. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी गाडी असेल किंवा जुनं माणूस असेल तर त्याची काळजी जरूर घ्या, मित्रांनो. पण दुसरंही कुणी घेत असेल तर आधी त्याच्याशी बोला. न बोलता केलेल्या मायेने माझा जीव जात होता.

आता संध्याकाळी बाबा फाटकाशी उभे असतात. ती आली की शेजारच्या सीटवर येऊन बसतात आणि दोघं माझं मिनिट पाळतात. पहिले काही दिवस ते नुसते बसायचे. एका संध्याकाळी बाबा समोर बघत म्हणाले, "मी तुला परत पाठवायला नको होतं, पोरी. त्या घावांतले अर्धे माझे आहेत."

तिने त्यांची चेंगरलेली बोटं हातात घेतली. मिनिट झालं, मग दुसरं झालं. किल्लीला कुणी हात लावला नाही. त्या दिवशी मी वीस मिनिटं उभ्या जागी डिझेल जाळलं, आणि मला कुणी काही म्हणालं नाही.