तुळशीत गाडलेली आर्थ

शुक्रवारी सकाळी दारासुरमला आपल्या बहिणीच्या, गोदाअक्काच्या अंगणात बायकांची रांग बघून नटराज चक्रावलाच. तो आला होता भाचीला भेटायला. सुष्मिता सातव्या महिन्यात माहेरी आलेली. आणि इथं शेजारच्या विणकरांच्या बायका, गोविंदपुरमच्या भजनातल्या दोघी, सगळ्या अनवाणी, हातात तांब्या घेऊन तुळशीपुढे उभ्या!

"काय चाललंय हे, अक्का?"

"तुळस जागृत झालीय रे!" सोवळ्यातली ओली साडी सावरत अक्का म्हणाली. "पाणी घालून बुंध्याला हात लावला की अंगातून झिणझिण्या जातात. महिना झाला. मघाशी शिवकामी तर हात लावताच मटकन खाली बसली. केवढं भाग्य!"

झिणझिण्या? पंचवीस वर्षं कुंभकोणमात लोकांच्या छपरांवर डिश बसवण्यात गेलेली त्याची. तो तुळशीकडे कशाला बघतोय! त्यानं गच्चीवर बघितलं. महिन्यापूर्वीच लावलेली डिश, तिच्या खांबापासून भिंतीवरून खाली आलेली हिरवी वायर, आणि ती वायर सरळ वृंदावनात, तुळशीच्या मातीत खोचलेल्या लोखंडी सळीला बांधलेली. आणि सुष्मिता तांब्या घेऊन पुढे वाकलेली.

"हात मागे घे!" तो असा ओरडला की तिचा तांब्या घरंगळत गेला. "सगळ्या मागे व्हा! कुणी हात लावायचा नाही!"

खिशातला टेस्टर काढून त्यानं सळीला लावला. दिवा लख्ख पेटला. तो धावत आत गेला, मेन स्विच पाडला, टीव्हीमागे हात घालून डिशच्या डब्याची पिन उपटली. अडॅप्टर चटका बसेल इतका तापलेला, एका कडेला जळून काळा पडलेला. त्यातला करंट केबलवरून गच्चीवर, तिथून हिरव्या वायरीनं खाली तुळशीत येत होता. आणि भिंतीतल्या पॉइंटाला आर्थ, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवणारी वायर, म्हणाल तर नावाला नाही.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी केला हा शहाणपणा?"

सेतूभावोजी, अक्काचे यजमान, पेपर खाली ठेवून ऐटीत म्हणाले, "मी. आर्थ ओल्या मातीत द्यायची असते ना? हिच्या तुळशीला रोज सकाळी पाणी. ही माती कधी सुकतच नाही."

"अहो, वृंदावन म्हणजे कुंडी हो ती! खाली सिमेंट, त्याखाली दगडाची फरशी. ती माती जमिनीला कुठं टेकलीय? करंट जाणार कुठं? जो हात लावील त्याच्या अंगातून! आणि ही बाई ओलेत्यानं, अनवाणी, तांब्याच्या तांब्यानं रोज पाणी घालतेय! मारायचीच होती तर सांगायचं तसं! आठ फुटी सळी अंगणात ठोकायला काय हात मोडले होते? नाहीतर एखाद्या जाणत्याला विचारायचं!"

"विचारलं होतं," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "डिशवाला वायर लोंबती टाकून गेला, तेव्हा तुलाच फोन केला. तू म्हणालास, ओल्या मातीत सळी खोचा. मी विचारलं, तुळशीत चालेल का? तू म्हणालास, चालेल, चालेल."

म्हणाला होता. तिरुप्पनंदाळला कुणाच्या तरी छपरावर होता तो, खांद्यानं कानाशी फोन दाबलेला, दोन्ही हात नटबोल्टात. प्रश्न त्यानं ऐकला होता. विचार मात्र केला नव्हता. दुसऱ्या कुणाच्या घरी असं दिसलं असतं तर त्यानं त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

तो बाहेर आला. हिरवी वायर तोडली, सळी उपसून काढली. बायका अजून तिथंच होत्या. त्यांना त्यानं तमिळमध्ये सांगितलं, "देवी नाही, काही नाही. करंट होता. चूक माझी. शिवकामीअम्मा, तुम्ही आधी डॉक्टरकडे जा, छाती तपासून घ्या." कुणी त्याला शिव्या दिल्या, कुणी नुसतंच बघितलं. रांग पांगली.

अक्का तुळशीपाशीच उभी होती. 

"कुंभकोणम इथून किती लांब रे?"

"अक्का…"

"किती लांब?"

"चार-पाच किलोमीटर."

"परक्यांची छपरं चढायला तिरुप्पनंदाळपर्यंत जातोस. बहिणीच्या घराला फोन पुरला तुला." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "महिनाभर मी देवी समजून हात लावला. आज माझ्या हातानं ह्या पोरीला रांगेत उभी केली. तिला न् तिच्या पोटातल्याला."

मघापासून तो सगळ्यांवर ओरडत होता. त्याच्यावर आता कुणीतरी ओरडावं, असं त्याला फार वाटलं.

"येऊन बघायचं होतंस," अक्का म्हणाली, आणि सुष्मिताला धरून आत गेली.