‘येते’ म्हटल्यानंतरचा तास

पुटपुट हे नाव तिला वर्गानं दिलं आणि ते चिकटलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. हजेरीच्या वेळी तिचं ‘हजर’ फक्त शेजारच्या मुलीला ऐकू जाई. ती मुलगी दयाळू होती, दर वेळी हात वर करून ‘ही पण आहे सर’ म्हणे, म्हणून पुटपुट कायद्याच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली.

शेवटच्या वर्षाला खोटा खटला चालवावा लागे. आरोपी खोटा, चोरी खोटी, न्यायाधीश मात्र अस्सल. निवृत्त झाल्यावर ते कॉलेजात शिकवायला आले होते, आणि सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. खटला चाले तो हॉल लांबलचक, उंच छताचा. वर चार पंखे, चारही कण्हणारे. माइक मिळणार नाही, हे सर पहिल्याच दिवशी सांगत. “ज्याला पंख्यांशी वाद घालता येत नाही, त्यानं माणसांशी घालू नये.”

अंतिम फेरीत जो वकील सरांच्या पसंतीला उतरेल, तो बाहेरगावच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. पुटपुटला तिथे जायचं होतं. तिला कलमं पाठ होती, मुद्दे सुचत, फक्त ते ओठांबाहेर पडेपर्यंत वितळून जात.

घरी आईनंही आपली अट घातली होती. आईचं शिवणाचं दुकान होतं. गावातल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट तिच्या हातचे. “शेवटच्या बाकावर ऐकू गेलीस तर स्पर्धेला पाठवीन,” आई सुईत दोरा ओवत म्हणाली होती. “नाहीतर दुकानात बस आणि काजं कर. काजांना आवाज लागत नाही.”

फेरीच्या दिवशी पुटपुट फिर्यादीच्या बाजूनं उभी होती. समोर आरोपीचा वकील म्हणून वर्गातला तोफ. तो नुसता शिंकला तरी खिडक्या थरथरत. खटला साधा होता. घड्याळजीच्या दुकानातून रात्री साडेआठला भिंतीवरचं जुनं घड्याळ गेलं होतं, आणि आळ दुकानात कामाला असलेल्या बाईवर होता. तिच्या बचावाला एकच साक्षीदार, तिची शेजारीण. शेजारणीची भूमिका करायला कॉलेजबाहेरचं माणूस बोलवत, म्हणजे पढवून ठेवता येत नसे.

त्या दिवशी ठरलेली बाई आलीच नाही. आणि नेमकी त्याच वेळी पुटपुटची आई दोन शिवलेले कोट पोचवायला दारात उभी राहिली.

“या बाई चालतील,” सर म्हणाले. “कागद एकच आहे, वाचून घ्या. जे कागदात नाही ते स्वतःच्या अकलेनं सांगा. दोन्ही वकिलांपैकी कोणाची हरकत?”

तोफनं आईकडे पाहिलं, पुटपुटकडे पाहिलं, आणि त्याला मनातून उकळ्या फुटल्या. “आमची नाही, सर!”

“हरकत आहे,” पुटपुट म्हणाली.

“नाही ना? छान,” सर म्हणाले, आणि आई पिंजऱ्यात चढली.

तोफचं काम चुटकीसरशी झालं. कागदावरच्या जबानीत होतं की साक्षीदारबाई संध्याकाळपासून आरोपीच्या घरी होत्या, आठ वाजता दारात येऊन ‘येते’ म्हणाल्या आणि नऊला स्वतःच्या घरी पोचल्या. घर अगदी लागून. घरात आरोपी आणि आरोपीचा नवरा होते. “म्हणजे साडेआठला आरोपी आपल्यासमोर होती!” तोफ गरजला. “होती की,” आई म्हणाली. मागच्या बाकावरच्या कोणीतरी कानात बोट घातलं.

आता पुटपुटची पाळी.

“आपण आठ वाजता...”

“मोठ्यानं बोल गं. तोंडातल्या तोंडात काय!”

हॉल हसला. सरांनी लाकडी हातोडा आपटला. “साक्षीदारबाई, वकिलांना अहो-जाहो करायचं.”

“हिला?”

“इथे ती तुमची मुलगी नाही.”

“मग कोणाची?” आई म्हणाली. पण हातोडा पुन्हा वर गेलेला पाहून तिनं पदर सावरला. “बरं. विचारा, वकीलबाई.”

“आठ वाजता आपण दारात ‘येते’ म्हणालात. हो की नाही?”

“हो.”

इथे बसायला हवं होतं. हवं ते उत्तर मिळालं की बसा, हे सरांनी वर्षभर घोकून घेतलं होतं. पण सोपा घास पाहून पुटपुटला राहवलं नाही. “म्हणजे आठ वाजता आपण तिथून निघालात.”

“इश्श!” आई म्हणाली. “‘येते’ म्हटलं म्हणून लगेच कोणी निघतं का? ‘येते’ म्हटल्यावर तर खरं बोलणं सुरू होतं.”

पंखे ऐकू येईनासे झाले, इतका हॉल हसला. तोफ बाक बडवत होता. पुटपुटचे कान तापले, कारण हे जगात कोणाला ठाऊक नसलं तरी तिला ठाऊक असायला हवं होतं. तिचं अर्धं बालपण लोकांच्या दारात गेलं होतं. आई ‘येते’ म्हणाली की ती चपला घालून, आईच्या पिशवीचा बंद धरून उभी राही. चपलेचा पट्टा लाव, काढ, पुन्हा लाव. एकदा तर ती उभ्या उभ्या चौकटीला टेकून झोपली होती. “आई, चल ना,” ती म्हणे. आई ऐकत नसे. तेच शब्द इतक्यांदा म्हणून म्हणून झिजले आणि शेवटी नुसते ओठ हलायला लागले. पुटपुट तिथेच जन्मली होती, दुसऱ्यांच्या उंबऱ्यावर.

तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला. “त्या तासात आपण काय बोलत होतात?”

सरांच्या भुवया वर गेल्या. असा मोकळा प्रश्न उलटतपासणीत कोणी विचारत नाही.

आईला मात्र माहेर भेटलं. “काय नाही ते विचारा! आधी नळाचं. मग माझ्या जावेचं. तिनं पडदे केलेत, वकीलबाई, काय तो रंग, आजारी माणसाच्या जिभेसारखा. मग तिच्या भावाचं लग्न मोडलं ते, म्हणजे मोडलं असं नाही, पण मुलीकडचे...” सरांनी हातोडा आपटला. आई म्हणाली, “एक मिनिट हं, संपतच आलंय,” आणि मुलीकडच्यांच्या काकांवर गेली.

“आई, चल ना!!”

ते तिच्या तोंडून कसं निघालं ते तिला कळलंच नाही. आवाज पंख्यांच्या वरून गेला, शेवटच्या बाकावर आदळला आणि परत आला. तिथे डुलक्या घेणारा शिपाई ताडकन उठून उभा राहिला.

“आले, आले,” आई म्हणाली, सवयीनं, आणि काकांना तिथेच सोडलं.

पुटपुटचा आवाज अजून तिथेच होता. तो पुन्हा जायच्या आत तिनं वापरून घेतला. “या सगळ्यात आरोपी काय बोलली?”

“ती कसली बोलते! हूं हूं करत होती.”

“ती हूं करत असताना आपण तिच्याकडे पाहत होतात?”

“पाहायचंय काय त्यात? मी पाठमोरी, चप्पल घालत होते.”

“तासभर?”

“पट्टा अडकला होता.”

“घरात आरोपीचा नवराही होता. ते हूं त्याचं नव्हतं, हे शपथेवर सांगाल?”

आईनं पदर पुन्हा सावरला. मग तिच्यातला प्रामाणिकपणा जिंकला. “आता तुम्ही म्हणता तर... हूं तसं नवऱ्यासारखंच होतं. बायका मध्येमध्ये ‘अय्या’ तरी म्हणतात.”

“हरकत!” तोफ उठला.

“कशाला?” सरांनी विचारलं.

तोफनं जबानीचा कागद उलटा करून पाहिला आणि तो खाली बसला. पुटपुटही बसली. या वेळी वेळेवर.

सर निकाल सांगताना गंभीर होते. आरोपी सुटली, कारण घड्याळ तिनंच नेलं हे काही कोणी दाखवलं नव्हतं. “पण एका हूंवर कोणाला निर्दोष ठरवता येत नाही, हेही आज सिद्ध झालं,” ते म्हणाले. “पंख्यांविरुद्धचा खटला मात्र फिर्यादीनं जिंकलाय. स्पर्धेला ही जाईल.”

हॉल बहुतेक रिकामा झाला. आईनं कोटांची रिकामी पिशवी पुटपुटच्या हातात दिली आणि दारात सरांना म्हणाली, “येते हं.” मग वळून चप्पल घालू लागली. “पाठवीन म्हटलं ना, पाठवते. शब्द म्हणजे शब्द. पण तिथे खोल्या दमट नाहीत ना, सर? हिचा घसा आताच कुठे उघडलाय. आणि तुमच्या कोटाची बाही उसवलीय, मघाशी हातोडा आपटताना दिसली. माझ्या जावेच्या नवऱ्याचंही असंच...”

“हूं,” मागून आवाज आला.

पुटपुटनं वळून पाहिलं. सर केव्हाच मागच्या जिन्यानं उतरून गेले होते. खुर्च्या आवरता आवरता हूं करत होता तो तोफ.

तिनं पिशवीचा बंद धरला, चौकटीला टेकली आणि आईला काहीच सांगितलं नाही.