पदवीच्या झग्याचा वैताग

मित्रांनो, मला जुना म्हणा, हरकत नाही; जुनाट मात्र म्हणू नका. एका छोट्या विद्यापीठात पदवीदान समारंभाला जे काळे झगे घालतात, त्यांतला मी एक. माझ्या गळ्यापासून पायापर्यंत तांबडी पट्टी आहे, म्हणजे मी पीएचडीवाल्यांचा. लोक मला 'गाऊन' म्हणतात आणि वर हसतात, कारण घरात घालतात त्यालाही ते गाऊनच म्हणतात. माझ्या वैतागाची सुरुवात तिथूनच होते.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. त्याने विद्यापीठाच्या साहेबांना विचारले, "माप कोणाचं घेऊ?" साहेब म्हणाले, "सरासरी माणसाचं घ्या." शिंप्याने मान डोलावली आणि मला शिवले. तेव्हापासून मी त्या सरासरी माणसाची वाट पाहतो आहे. तो अजून आलेला नाही. आले ते एक तर ताडमाड, ज्यांच्या गुडघ्यापाशीच मी संपतो. नाही तर इतके किरकोळ, की मंचाच्या पायऱ्या चढताना माझ्यात पाय अडकून धडपडतात आणि खाली आल्यावर माझ्याकडेच रागाने पाहतात.

विद्यापीठ लहान असल्यामुळे वर्षाला पीएचडी होणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वर्षभर मी कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात लटकत असतो आणि समारंभ जवळ आला की सगळ्यांना एकदम माझा पुळका येतो. सुरुवातीची वर्षे तशी कौतुकाची होती. इस्त्री करताना माझ्यावर ओले फडके घालत. पुढे कोणीतरी घाईत तापलेली इस्त्री तशीच टेकवली आणि माझ्या पाठीवर कायमचा चकचकीत डाग पडला. एकदा खिडकीतून ऊन येते म्हणून मला पडद्याच्या जागी टांगले. एका संशोधकाने माझ्या बाहीत अर्धे बिस्कीट ठेवले आणि तो ते विसरला. ते आधी मुंग्यांना सापडले, मग विद्यापीठाच्या भांडारातल्या बाईंना. बोलणी मला बसली.

असो. माझी रडकथा ऐकवायला मी तुम्हाला बसवलेले नाही. मला सांगायचे आहे ते मागच्या समारंभाबद्दल.

त्या दिवशी मी एका बाईच्या अंगावर होतो. तिला घरात सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. कानांवरचे केस पिकू लागलेले, चष्म्याची दांडी एका बाजूने वाकलेली. नोकरी करून, घर सांभाळून तिने कित्येक वर्षे हा अभ्यास केला होता. तिने मला घातले तेव्हा आधी माझ्या बाह्या नीट उलगडल्या, खांद्यावरची सुरकुती हाताने सपाट केली. मला बरे वाटले. तेवढेच.

समारंभाला तिची आई, धाकटा भाऊ, आत्या आणि वडील आले होते. तिघे पहिल्या रांगेत जाऊन बसले. वडील मागे दाराजवळ उभे राहिले. भाऊ त्यांना बोलवायला गेला, तर म्हणाले, "इथून दिसतंय मला."

पाहुणे बोलायला उभे राहिले ते बसायचे नावच घेईनात. त्यांनी आपल्या शाळेपासून सुरुवात केली आणि नोकरीपर्यंत येईतो सभागृहातली अर्धी माणसे पेंगली होती. मग एकेकाला मंचावर बोलावू लागले. ताईची पाळी आली. तिच्या प्रबंधाचे नाव लांबलचक होते. निवेदकाने ते वाचायला घेतले, "जुन्या विटांच्या भिंतींमधील ओलावा आणि क्षारांच्या..." इथे त्याची जीभ अडखळली. त्याने कागद जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाला, "वगैरे."

मित्रांनो, माझ्या आत एक बाई उभी होती जिच्या आयुष्यातली सगळी उमेदीची वर्षे त्या एका 'वगैरे'त गेली. ती कुलगुरूंना नमस्कार करून, प्रमाणपत्र घेऊन खाली उतरली.

मला संध्याकाळी भांडार बंद व्हायच्या आत परत करायचे होते. तसे ताईने बाईंना कबूलही केले होते. घरी आईला फोटो काढायचे होते, म्हणून मी तासाभरापुरता तिच्या घरी गेलो.

घरात पाऊल टाकले आणि भावाने मला ताईच्या अंगावरून उतरवलेच. "दे गं, एक फोटो माझा." त्याने मला घातले, वर काळा चष्मा लावला आणि दारात हाताची घडी घालून उभा राहिला. बारावीला तीनदा बसलेला हा माणूस पीएचडीच्या झग्यात इतका शोभला, की आईने त्याची दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली. मग आत्याने मला घातले. मग शेजारीण आली, तिने घातले. ताई तोपर्यंत स्वयंपाकघरात चहा गाळत होती. ज्या बाईसाठी मी त्या घरात गेलो होतो, ती सोडून सगळ्या खोलीचे माझ्याबरोबर फोटो निघाले.

चहा आला. आत्या माझ्या बाहीने कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "ताई, आता तू डॉक्टर झालीस ना? मग माझा हा गुडघा बघ बरं, जिना चढताना कटकट वाजतो."

"आत्या, मी तसली डॉक्टर नाही गं."

"मग कसली?"

ताईने सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात शेजारणीने विचारले, "पगार वाढेल का हो आता?" आणि भाऊ म्हणाला, "नावाची पाटी बदलून घेऊ दारावरची." आणि आई म्हणाली, "आधी केक कापा, वितळून चाललाय." ताईने उघडलेले तोंड मिटले आणि केकची सुरी शोधायला गेली. 'मग कसली' हे विचारलेले आत्याही विसरली, कारण तिच्या हातात केकची बशी आली होती. क्रीम माझ्या पट्टीवर सांडले. ते कोणीतरी बोटाने पुसले आणि बोट चाटले.

शेवटी ताईनेच मला खुर्चीवरून उचलले. "द्यायला हवा परत," असे स्वतःशीच म्हणाली. घडी घालायला टेबल मोकळे नव्हते, म्हणून तिने मला अंगातच घातले आणि मागच्या जिन्याने निघाली.

जिन्याच्या वरच्या पायरीवर तिचे वडील बसले होते. केकची बशी शेजारी तशीच होती.

आता तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवे. ते रंगारी होते. घरे रंगवायचे. कामाला हात चांगला, म्हणून लांबलांबून बोलावणी यायची. ताई शाळेत असताना त्यांनी एका वकिलांचे घर रंगवले. काही महिन्यांत बैठकीच्या खोलीचा रंग फुगून पापुद्र्यांनी गळू लागला. वकिलांनी त्यांना बोलावून घेतले आणि भर रस्त्यात, चार लोकांसमोर म्हणाले, "रंगात पाणी घालतोस आणि तोंड वर करून फिरतोस?" बातमी गावभर झाली. बोलावणी थांबली. त्यांनी ब्रश ठेवला तो ठेवलाच. पुढे एका गोदामात मोजमाप करायची नोकरी धरली. त्या घरात त्यानंतर रंग आणि भिंत हे दोन शब्द कोणी काढत नसे.

ताई बाजूने जिना उतरू लागली, तसे ते म्हणाले, "तो माणूस वाचत होता, त्यात भिंत म्हणाला का गं?"

ताई थांबली. "हो."

"मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. तू तर रसायनं शिकत होतीस ना?"

"रसायनंच, बाबा. भिंतीतली."

त्यांनी बशी उचलून बाजूला केली. जागा झाली, तशी ती शेजारी बसली. माझा अर्धा घेर त्या धुळकट पायरीवर पसरला, पण त्या वेळी मी कुरकुर केली नाही.

"काय असतं भिंतीत?" त्यांनी विचारले.

"जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं. दिव्याच्या वातीत तेल चढतं ना, तसं. त्या पाण्यात क्षार असतात, मिठासारखे. पाणी बाहेर येऊन सुकून जातं, क्षार मागे राहतात. रंगाच्या मागे त्यांचे बारीक खडे होतात. ते वाढत जातात आणि रंगाला आतून ढकलतात."

"आतून?"

"आतून."

त्यांनी समोरचा कठडा अंगठ्याने खरवडला. मग म्हणाले, "फुगा यायचा आधी. तो फोडला की खाली पांढरी भुकटी."

"तेच ते क्षार."

"मग वरून कितीही हात मारले तरी?"

"तरी रंग निघालाच असता, बाबा. कोणीही लावला असता तरी."

"पाणी घातलं नव्हतं मी रंगात."

"माहीत आहे मला."

"तुला कसं माहीत?"

"एवढी वर्षं तेच तर बघत होते," ताई म्हणाली.

त्यांचा आवाज जरा चढला. "मग बोलली का नाहीस आधी?"

"तुम्ही कधी विचारलं? आणि तुमच्यासमोर भिंतीचं नाव काढायचं कोणी?"

मित्रांनो, इथे मी खरोखर हात टेकले. एकाच छपराखाली एकाकडे प्रश्न, दुसऱ्याकडे उत्तर, आणि दोघेही वर्षानुवर्षे एकमेकांना मीठ वाढत जेवत होते.

वडील उठले. चपला पायांत सरकवल्या. "चल," म्हणाले.

"कुठे?"

"वकिलांकडे."

"बाबा, मला झगा परत करायचाय."

"घालूनच चल."

वकिलांचे घर दोन गल्ल्या सोडून होते. दार स्वतः वकिलांनीच उघडले. आता ते वाकले होते आणि कानाला यंत्र होते. ताईच्या वडिलांनी ओळख सांगितली. बैठकीची खोली, फिका पिवळा रंग, रस्त्यावरचे ते बोलणे, सगळे सांगितले.

वकिलांनी डोळे बारीक केले. "आठवत नाही बुवा. आमच्याकडे खूप रंगारी येऊन गेले. सगळे लबाड. एकाचाही रंग टिकला नाही."

"एकाचाही नाही?"

"एकाचाही. या, बघा की."

आम्ही आत गेलो. खिडकीखालची भिंत कमरेपर्यंत फुगलेली होती. फिक्या पिवळ्याचा मागमूस नव्हता. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली पांढरा, आणि सगळेच पापुद्रे होऊन लोंबत होते. ताई पुढे होऊन सांगू लागली, तसे वडिलांनी तिला हाताने थांबवले.

"मी सांगतो," ते म्हणाले, आणि ओणवे झाले. नखाने एक फुगा फोडला आणि खालची पांढरी भुकटी तळहातावर घेऊन वकिलांसमोर धरली. "हे बघा. हे भिंतीतून येतं. पाणी खालून चढतं, वातीत तेल चढतं तसं. हे मागे राहतं आणि रंगाला ढकलून देतं. रंगाऱ्याचा काही संबंध नाही यात. माझा नव्हता आणि त्या बाकीच्यांचाही नव्हता."

"कोण म्हणतं असं?" वकिलांनी विचारले.

"डॉक्टर म्हणतात," ते म्हणाले आणि लेकीकडे बोट दाखवले.

वकिलांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "आणि हे अंगात काय घातलंय?" त्यांनी ताईला विचारले. माफी मागायचे त्यांच्या मनातही आले नाही. उलट म्हणाले, "बरं, मग आता ही भिंत नीट करायची कशी?"

"डॉक्टरांना विचारा. मी आता रंग देत नाही," वडील म्हणाले आणि हात झटकले. ती सगळी भुकटी माझ्यावर आली.

परत येताना कोपऱ्यावर त्यांनी तळहात पुन्हा एकदा पुसला. मग म्हणाले, "विसरला गं तो. मी एवढी वर्षं..." ताईने त्यांचा हात धरला नाही, समजूतही काढली नाही. नुसती त्यांच्या चालीने चालत राहिली. घर जवळ आल्यावर त्यांनी विचारले, "ते तुझं जाड पुस्तक घरी आहे ना?"

"प्रबंध? आहे."

"वाचून दाखव मला. पहिल्या पानापासून."

"कंटाळाल, बाबा."

"मला कुठे जायचंय?"

भांडार केव्हाच बंद झाले होते. मला कोणी परत केले नाही. खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवले आणि बापलेक प्रबंध घेऊन बसले. पहिले प्रकरण भयंकर कंटाळवाणे होते. त्यात फक्त आधीच्या लोकांनी काय काय लिहिले ते होते. त्यात वडील प्रत्येक वाक्याला "म्हणजे काय?" विचारत. ताई वैतागायची आणि पुन्हा सांगायची. आई जेवायला हाका मारून दमली. पण ते दोघे पुढच्या पानावर गेले.

दुसऱ्या दिवशी क्रीम, घाम आणि भिंतीची भुकटी पाहून भांडारातल्या बाईंनी मला जे सुनावले, ते इथे सांगण्यासारखे नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी माझ्यासारखा झगा घालून आले, तर मला हात पुसू नका, एवढे तर कराच. फोटोही काढा, केकही कापा. पण त्या माणसाला जवळ बसवून विचारा, की इतकी वर्षे तू नक्की काय करत होतास. आणि उत्तर लांबत गेले, तरी कृपा करून मध्येच उठू नका.