स्टेअरिंगमधला प्ले

सिद्धोधनसारखा ड्रायव्हर अख्ख्या चारठाणा गावात नाही असं लोक म्हणायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं सिद्धोधन स्वतःच म्हणायचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या जीपा चालवून त्यानं ही जुनी पांढरी गाडी घेतलेली. तिच्या स्टेअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागू दिला नव्हता. मग पोरगी रोहिणी नर्स झाली आणि येलदरीकडच्या एका उपकेंद्रात तिची ऑर्डर निघाली. सकाळच्या वेळेला तिकडं बस नाही. सोमवारी हजर व्हायचं, म्हणून बापानं तिला गाडी शिकवायला घेतली, आणि तिथंच माती खाल्ली.

रोहिणीच्या हातात गाडी सरळ चालेचना. स्टेअरिंग जरा डावीकडं घ्यावं तर आधी काहीच नाही, मग एकदम वळायची. सावरायला जावं तर उजवीकडं पळायची. सिद्धोधन शेजारी बसून तोंड सोडायचा. "बाबा, गाडीतच कायतरी हाय," असं पोरगी एकदा म्हणाली, तर हा शहाणा म्हणतो, "नाचता येईना अंगण वाकडं." शनिवारी सकाळी तिनं किल्ली त्याच्या ताटाजवळ ठेवली. "मला न्हाई जमत. मी न्हाई जात नोकरीवर."

परभणीत खोली करून, कुठले कुठले डबे खाऊन शिकलेली पोर. सिद्धोधन ताटावरून उठला. निदान चाकांचं अलायनमेंट करून आणावं, पोरीला तेवढाच धीर, म्हणून तो जिंतूरला सुकेशनीच्या गॅरेजवर गेला.

त्या गॅरेजात नवरा टायर काढतो आणि सुकेशनी गाडीखाली शिरते. नवं गिऱ्हाईक आधी नवऱ्याशी बोलतं, मग शहाणं होतं.

"जयभीम ताई. तेवढं अलायनमेंट करून द्या." मग त्यानं पोरीची कथा सांगितली, म्हणीसकट.

"जयभीम भाऊ. आधी बघू तर द्या."

तिनं पुढच्या टायरवरून तळवा फिरवला. आतली कड गुळगुळीत झाली होती. जॅक लावून चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून हलवलं. चाक हललं, स्टेअरिंग जागचं हललं नाही. मग तिनं खाली वाकून बघितलं.

"ही सायकलची ट्यूब कुणी गुंडाळली?"

"मीच," सिद्धोधन ऐटीत म्हणाला. "जॉइंटवरचं रबर फाटलं व्हतं. दोन वर्षं झाले, ग्रीस गळालं न्हाई."

"आन् आत गेलेली धूळ बी बाहेर आली न्हाई," ती म्हणाली. "आता खाली या. हितं हात ठेवा."

सिद्धोधन गाडीखाली आडवा झाला. सुकेशनी वर बसून स्टेअरिंग इंचभर इकडं, इंचभर तिकडं हलवत बोलत राहिली. "हे फिरलं की खालची दातेरी पट्टी सरकती. पट्टीच्या दोन्ही टोकांच्या दांड्या चाकाला ढकलत्यात, ओढत्यात. दांडी चाकाला जिथं मिळती, तिथं हा बॉल जॉइंट. आपल्या खांद्यावानी, वाटीत गोळा. धुळीनं वाटी झिजली की प्ले येतो, म्हंजे ढिलेपणा. तुमी वळवता, चाक जरा थांबून ऐकतं."

आधी दांडी हलली, मग तळव्याला टक् लागलं, मग चाक हललं.

"मला कसं कधी जाणवलं न्हाई?"

"तुमचा हात आधीच वळायलाय, भाऊ. दोन वर्षं तुमी हातानं भरून काढायलाव. नव्या माणसानं काय करावं? अंगणच वाकडं हाय."

तिचं काम बघत राहावं असं. दांडीवरून जुना जॉइंट फिरवून काढताना तिनं आटे मोजले, नवा तितकेच आटे फिरवून बसवला. दोन्हीकडचे बदलले, अलायनमेंट त्याच्यानंतर केलं. जुना तिनं सिद्धोधनच्या हातात दिला. त्याचा गोळा एका बोटानं खुळखुळत होता. नवा बसवायच्या आधी त्याला दोन्ही हातांनी कसाबसा हलला होता.

"रबर फाटलं की त्याच दिवशी दाखवायचं," ती हात पुसत म्हणाली. "वळणावर हा सुटला तर स्टेअरिंग नुसतं हातात राहतं."

सोमवारी असल्याच एखाद्या वळणावर हे स्टेअरिंग रोहिणीच्या हातात असणार होतं. असली बाई वेळेवर भेटली म्हणून आपण वाचलो, असं सिद्धोधनला मनापासून वाटलं, आणि तसं तो तिला बोललाही.

परतीच्या रस्त्यावर भलतंच झालं. हात सवयीनं आधीच वळायचा, आणि गाडी आता पहिल्या शब्दाला ऐकायची. चारठाण्याचा नंबर एकचा ड्रायव्हर नागमोडी गाडी हाकत दारात आला. रोहिणी उंबऱ्यात उभी राहून बघत होती.

"बाबा, अशी काय आणायलाव गाडी?"

तो खाली उतरला. किल्ली पुढं केली. "तुझं बरोबर व्हतं. गाडीच वाकडी व्हती, मी तुला बोलत बसलो. आता मला जमंना. तू चालव."

ती फाट्यापर्यंत गेली, वळली, परत आली. गाडी कुठं म्हणून भरकटली नाही. शेजारी सिद्धोधन नुसता रस्ता बघत बसला होता. दारात गाडी थांबवून रोहिणीनं बापाकडं बघितलं, आता काहीतरी बोलणी बसणार म्हणून.

"सोमवारी किती वाजता निघायलीस?"

"सातला. तुमी येताव ना संगट?"

"न्हाई," तो म्हणाला. "एकटीच जा."