नथ उजवीकडे

डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. आईच्या डोळ्यांत काचबिंदू आणि मी तिची लेक वासरीत, बाहेरच्या खोलीत, बसून काचा कापतेय! यावर सगुणने, माझ्या धाकट्या भावाने, विनोद केला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रंगीत काचांची चित्रं करते आणि तेव्हापासून आई म्हणतेय, "काचा फोडूक शिकलंस, आणि काय?" जगाने वाहवा केली काय, न केली काय, मला पडलेलं नाही. तिचे डोळे जायच्या आत तिने एकदा माझं काम बघून बरं म्हणायला हवं होतं. बैल गेला नि झोपा केला, असं व्हायला नको होतं.

म्हणून तिचंच चित्र घेतलं. तिशीतल्या फोटोवरून, नथ घातलेली, माणसाएवढं उंच. माजघरात खिडकीसमोरची भिंत ठरवली. तिथे आईचा लग्नातला आरसा होता. साठ वर्षं त्यात बघून तिने वेणी घातली. तो मी उतरवला.

"आरसो खंय गेलो?"

"आता तुला त्यात दिसतंय कुठे?" म्हटलं, आणि जीभ चावली.

काचेचे तुकडे मैद्याच्या खळीने खाकी कागदावर चिकटवायचे. मग भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर ते पालथे दाबायचे, कागद वर राहतो. सिमेंट धरलं की कागद भिजवून सोलायचा. पाळी गावाकडच्या खाणीचे ट्रक दारावरून जायचे. त्यांची लाल धूळ खळीवर बसायची, मी पुसायची, पुन्हा बसायची. बोटं कापली, भात दोनदा करपला. एका जागी बसवत नव्हतं. रोज सकाळी आईसमोर हात धरून विचारायची, "किती बोटं?" एकदा ती भडकली, "माका शाळेत घातलंस काय?"

दिवाळीला सहा दिवस उरले तेव्हा सगुण वास्कोहून रजा घेऊन आला. दोघांनी मिळून सगळं भिंतीवर चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद सोलला. सगुण आधी हसला, मग जवळ जाऊन बघू लागला.

"ताय, आवशीची नथ उजव्या नाकपुडीत कशी गो? आणि पदर उजव्या खांद्यार. गुजरातीण केलंस तिका?"

कागदावर चित्र उलटं काढायचं, तेव्हा ते भिंतीवर सुलटं येतं. शिकायला येणाऱ्या बायकांना हे मी दहादा सांगते. स्वतः मात्र फोटो होता तसा उतरवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! अडीच महिन्यांची मेहनत, आणि आता दुसरं करायला दिवस कुठे? इतका संताप आला की मी हातोडी उचलली.

"काय चल्लासा?" आई भिंत चाचपत आत आली.

"आई, बघू नको. चुकलं सगळं. नथ भलत्या बाजूला गेली."

तिने ऐकलं नाही. ऊन नुकतंच चित्रावर पडलं होतं. ती अगदी जवळ गेली, मान हलवत थोडं थोडं बघत राहिली. मग डाव्या हाताचं बोट काचेतल्या नथीवर ठेवलं आणि तेच बोट आपल्या डाव्या नाकपुडीला लावलं.

"खंय चुकला? हयसरच तर आसता."

कपाळावरची बट तिने कानामागे सारली, पदर नीट केला. मी लहानपणी रोज तिच्या मागे उभी राहून हेच बघायची. फोटोतली ती म्हणजे आम्ही समोरून बघितलेली ती. तिने स्वतःला आयुष्यभर आरशातच बघितलं होतं.

"आरसो परत लावलंस," ती म्हणाली, "ता बरां केलंस गो."

मला रडू फुटलं. सगुणने हातोडी माझ्या हातातून काढून घेतली.