फुलाबाईंचा उकार

किकवीच्या महिला गटाच्या वेबसाइटवर स्वतःच्या नावाचं बटण बघून फुलाबाई पुतणीवर डाफरल्या, “आगं माधुरी, म्या काय फलाबाई हाय व्हय? माजा उकार कुठं गेला?”

उकार बटणानं खाल्ला होता. माधुरीनं ही बटणं इंटरनेटवरच्या एका खुल्या लायब्ररीतून, म्हणजे तयार कोडच्या साठ्यातून घेतली होती. जगभरची माणसं तिथं फुकट कोड लिहितात आणि दुरुस्ती कुणीही पाठवू शकतं. बटणाची उंची मात्र इतकी कंजूष, की अक्षराच्या खालचं सगळं कापलं जाई. माधुरीनं एका ओळीची दुरुस्ती केली आणि आधीचं-नंतरचं चित्र जोडून पाठवली.

लायब्ररी सांभाळणाऱ्या ग्रेगरीचं उत्तर आठ दिवसांनी आलं, ‘मला दोन्ही चित्रं सारखीच दिसतात.’ तिनं उकाराभोवती लाल गोल काढून पाठवला. त्यावर त्याचं उत्तर, ‘हा तुमच्या लिपीचा प्रश्न आहे, बटणाचा नाही.’ तिनं पुन्हा समजावलं, तर त्यानं विषयच बंद केला.

माधुरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं तेच बटण घेतलं, त्यावर इंग्रजीत ग्रेगरीचंच नाव लिहिलं आणि अक्षरं जराशी मोठी केली, चष्मेवाली माणसं करतात तेवढीच. नावातल्या जी आणि वायच्या शेपट्या साफ उडाल्या. एक शब्दही न लिहिता तिनं ते चित्र पाठवून दिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘बाप रे! इतका गंभीर दोष आजवर कुणीच कसा सांगितला नाही?’