कासवाचं अंथरूण

कासवाने आजही जास्वंदीच्या पानाला तोंड लावलं नाही, आणि विनीताबाईंची नजर पहिल्यांदा आवडीकडे वळली.

वाचकहो, घरात काही बिघडलं की आपली नजर आधी कुठे जाते? भांडी घासणाऱ्या हातांकडेच!

विनीताबाई महाडच्या एका शाळेत शिक्षिका. मुलगा देवव्रत नोकरीसाठी मुंबईला गेला आणि जिवापाड जपलेलं कासव आईच्या स्वाधीन करून गेला. कासव परदेशी जातीचं, रीतसर नोंदणी केलेलं. आता त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते, डोळे सुजून मिटले होते, आणि शनिवारी देवव्रत घरी येणार होता.

त्याला पाला आणून घालायची ती आवडी. पोलादपूरकडच्या वाडीवरची, महाडात बहिणीकडे राहून चार घरची धुणीभांडी करायची. मागे एकदा ती म्हणाली होती, "मुकं जनावर कोंडून ठेवलंव, वहिनी. बरं नाय ह्ये."

ते बोलणं आता विनीताबाईंच्या मनात कुसळासारखं टोचू लागलं. आवडी खोलीत गेली की त्या दाराआड उभ्या राहत. पाला हुंगून बघत. एकदा आवडी कासवाच्या पेटीवर वाकून काही पुटपुटताना दिसली.

"काय म्हणत होतीस गं त्याला?"

"खा रे राजा, म्हनत व्हते. दुसरं काय म्हनू?"

"पाला कुठला हा?"

"तुमच्याच परसातला हाय. वहिनी, सरळ इचारा ना. इख घातलं काय मी?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तोंडानं नाय म्हटलंव!"

"उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी विनीताबाई पेटीसकट कासव घेऊन पोलादपूरला गेल्या. जनावरांचे डॉक्टर बुद्धरत्न यांनी झाकण काढलं आणि कासवाला हात लावण्याआधीच नाक मुरडलं.

"आपल्या रानातलं कासव असतं तर आधी वनखात्याला फोन केला असता. हे नोंदणीचं आहे ना? बरं. खाली काय घातलंय?"

"वखारीतला भुसा. चांगला बारीक चाळून घेतलाय. पूर ओसरला की आमच्या महाडात दुकानादुकानांतून तोच पसरतात. ओल शोषून घेतो."

"आणि हा वास?"

"डांबरगोळ्या. दमट हवेत कपाटातही टाकतोच की."

"अहो बाई, हे कपाट नाही!" डॉक्टरांचा आवाज चढला. "हा जीव जमिनीला नाक लावून श्वास घेतो. बारीक भुसा नाकाडोळ्यांत जातो, पाल्याबरोबर पोटात जातो. वर बंद पेटीत गोळ्यांची वाफ! तुम्ही सोय बघितलीत ती तुमची. त्यावर झोपणार कोण, याचा विचारच केला नाहीत."

"मला वाटलं, पाल्यातून कुणीतरी..."

"पाला कोण आणतं?"

"कामवाली. तिला मी काढून टाकलं."

डॉक्टरांनी पेटीतलं पान उचलून पाहिलं. "पाल्यात काही खोट नाही."

विनीताबाईंनी मान खाली घातली. डॉक्टरांनी नवं अंथरूण सांगितलं: खत-फवारणी नसलेली माती, त्यात नारळाच्या काथ्याचा धुतलेला जाडसर भुगा, वर सुकं गवत. औषधही दिलं.

"जगेल ना?"

"प्रयत्न करू."

महाडला परतल्यावर त्या घरी न जाता थेट आवडीच्या बहिणीच्या दारात उभ्या राहिल्या.

"मेलं काय?" आवडीने आतूनच विचारलं.

"नाही. माझ्या भुशाने आणि डांबरगोळ्यांनी आजारी पडलंय. तुझा काही दोष नव्हता. चुकलं माझं."

"आता काय उपेग? कासवाला इख घातलं म्हनून मला काढली, असं गल्लीभर झालंय. जोश्यांकडं न् मेहतांकडंबी नको सांगितलान."

हे विनीताबाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं! कासवाला औषध होतं. या बोभाट्याला कुठलं औषध?

"चल," त्या म्हणाल्या. "दोन्ही घरी मी येते."

जोशीकाकू हसल्या. "अगंबाई! एका कासवासाठी एवढी पायपीट?"

"कासवासाठी नाही, काकू. आवडीसाठी. मी खोटा आळ घेतला, तो परत घ्यायला आलेय."

काकूंचं हसू मावळलं. "ये गो सोमवारपासून," त्या आवडीला म्हणाल्या. मेहतांच्या दारातही विनीताबाई तेच बोलल्या, तितक्याच स्पष्टपणे.

शनिवारी देवव्रत आला तेव्हा कासवाने नव्या मातीत अंग रुतवलं होतं. एक डोळा उघडला होता. खाणं अजून सुरू नव्हतं. विनीताबाईंनी मुलाला सगळं सांगितलं. स्वतःची चूक आधी, कासवाचं दुखणं नंतर.

मुका जीव पाळायचा तर त्याच्या अंगाखाली काय घालतो, हे त्याच्या गरजेने ठरवावं, आपल्या सवयीने नव्हे. आणि कुणावर बोट ठेवण्याआधी आपल्या हातून काय झालं ते नीट पाहावं. जनावर तक्रार करू शकत नाही; गरीब माणूस करतो, पण ती ऐकणार कोण? ते ऐकणं हे आपलं काम आहे!